झाकल्या पावलांचा डोंगर

चपला इथेच काढा. त्या करंजाखाली ठेवा, कुणी नेत नाही. पाण्याची बाटली मात्र बरोबर घ्या, वर पाणी नाही. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण वर गेल्यावर मी बोलणार नाही. या डोंगरावर रामाचे नाव घ्यायचे नाही.

हसू नका. डोंगर रामाचाच आहे. तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा मी तुम्हाला राम राम घातला, तुम्हीही हात जोडून राम राम म्हणालात, ते ठीक झाले. ही पहिली पायरी ओलांडली की मात्र ते बंद. दम लागला, ठेच लागली, अगदी साप आडवा गेला तरी तोंडातून ते नाव काढायचे नाही. दिवसभर माळ ओढणारी म्हातारी माणसेसुद्धा इथे माळ कनवटीला लावतात आणि गप्प चढतात.

वर काय आहे म्हणाल तर एक दगड आहे. काळा, सपाट, बैलगाडीच्या साट्याएवढा. देऊळ नाही, कळस नाही, मूर्ती नाही. त्या दगडाखाली रामाची पावले आहेत, असे सांगतात. पाहिली कुणीच नाहीत. माझ्या आजोबांनी नाही आणि त्यांच्या आजोबांनीही नाही. मागे शहरातून एक विद्वान आले होते, जरा दगड उचलून बघू म्हणाले. दोन्ही गावांत हात लावायला एक माणूस मिळाला नाही. शेवटी चहा पिऊन गेले बिचारे.

मी आदगोंडा. ओढ्याच्या अलीकडची ती पेठ दिसते ना, तिथला. पेठेत आम्ही जैन. ओढ्याच्या पलीकडे वाडी, तिथे मराठे, धनगर, सुतार, कुंभार. मी पेठेचा असल्यामुळे माझी गोष्ट पेठेकडे कलते, असे वाडीचे लोक म्हणतात. तुम्ही ऐका आणि तुमचे तुम्ही ठरवा. बसा या कट्ट्यावर, ऊन जरा उतरू दे.

तर पूर्वी हा दगड नव्हता. वर उघड्या कातळात दोन पावले होती म्हणे, माणसाची, जरा मोठी, बोटे न् बोटे उमटलेली. वाडीचे लोक सांगायचे की सीतेला रावणाने नेल्यावर राम तिला शोधत दक्षिणेकडे निघाला, तेव्हा तो या डोंगरावर चढला आणि चहूकडे बघत उभा राहिला. त्याच्या दुःखाचा भार कातळाला सोसला नाही, म्हणून पावले रुतली. पेठेचे लोक सांगायचे की राम इथे आला तो म्हातारपणी, सगळे संपल्यावर. लक्ष्मण वारला होता. राम ते मानायलाच तयार नव्हता, भावाचे प्रेत खांद्यावर घेऊन महिनोन् महिने हिंडत होता. मग एक दिवस त्याला उमजले. त्याने भावाला खाली ठेवले, राज्य सोडले, वस्त्रे सोडली, मुनी झाला आणि या डोंगरावर ध्यानाला उभा राहिला. त्या तपाने पावले उमटली.

म्हणजे पावले तीच, राम तोच. एका गावाचा राम तरुण, हातात धनुष्य घेतलेला, बायकोला शोधणारा. दुसऱ्या गावाचा राम म्हातारा, रिकाम्या हाताचा. वाडी रामनवमीला वर जायची, पेठ त्यानंतर चार दिवसांनी महावीरांच्या जन्मदिवशी. ते गुलाल उधळायचे, आम्ही पाण्याने पावले धुवायचो. आमच्या पाण्याने त्यांचा गुलाल वाहून जायचा आणि त्याचा कुणाला राग नव्हता. किती पिढ्या असे चालले ते ठाऊक नाही. पावले काही बोलत नव्हती, त्यामुळे भांडायला निमित्त नव्हते.

निमित्त मिळाले ते एका चांगल्या माणसामुळे. कुठल्याशा मोहिमेवर निघालेला एक सरदार या डोंगराच्या पायथ्याशी तापाने पडला. वैद्य थकले. कुणीतरी पावलांवरचे तीर्थ आणून त्याच्या तोंडात घातले आणि ताप उतरला. सरदार नवस बोलला की वर दगडी देऊळ बांधून देईन. त्याने पाथरवट बोलावले, खाण उघडली, चौथऱ्याचे दगड घडवायला लावले, पुढच्या चैत्रात परत येतो म्हणाला आणि निघून गेला. दोन्ही गावांनी त्याच्या घोड्यावर फुले टाकली. पेठेच्या बायकांनी ओवाळले, वाडीच्या बायकांनीही ओवाळले.

मग एके दिवशी मुख्य पाथरवट दोन्ही गावच्या थोरांपुढे आला. साधा माणूस, आपल्या कामाचे विचारायला आला होता. म्हणाला, "देवाचा दगुड निवडलाय. आता तेवढं सांगा, हातात धनुष्य द्यायचं का न्हाई?"

वाडीचे लोक म्हणाले, द्यायचे, हे काय विचारणे झाले? पेठेचे म्हणाले, नाही, ध्यानस्थ मुनीच्या हातात शस्त्र कुठले? एवढ्यावरच कुणी हसून विषय मोडला असता तर बरे झाले असते. पण वाडीचा एक जण तावातावाने म्हणाला, "धनुष्य न्हाई तर रावनाला मारलं कुणी?" आणि पेठेच्या एकाने शांतपणे उत्तर दिले, "लक्ष्मणानं." आमच्या पोथीत तसेच आहे. लक्ष्मणाने मारले आणि त्याचे फळ भोगायला तो नरकात गेला. रामाच्या हाताला रक्त लागले नाही, म्हणून राम सुटला. वाडीला हे माहीत नव्हते असे नाही. शेजाऱ्याच्या घरात काय सांगतात ते सगळ्यांना ठाऊक असते. फक्त तोंडावर कुणी कधी म्हटले नव्हते.

त्या दिवसापासून गावे फिरली. आमच्या रामाला निःशस्त्र करून उघडे उभे करता, असे वाडी म्हणू लागली. मोक्षाला गेलेल्याला पुन्हा लढाईत ओढता, असे पेठ म्हणू लागली. ओढ्यावरचे पाणवठे वेगळे झाले. लग्नाची बोलावणी बंद झाली. रस्त्यात समोरासमोर आले तर एक जण राम राम म्हणायचा आणि दुसरा मुद्दाम तोंड फिरवायचा, कारण तो राम कोणता, याचीच आता शंका. या भागात ज्याच्याकडे एकच बैल असतो तो दुसऱ्या एकबैल्याशी पैरा करतो, म्हणजे दोघांचे बैल मिळून जोडी जुंपायची, एक दिवस त्याचे रान नांगरायचे, एक दिवस याचे. ओढ्याच्या दोन बाजूंचे असे किती तरी पैरे होते, ते मोडले. एक राहिला. वाडीचा सिदोजी आणि पेठेचा नेमाण्णा यांचा.

हे दोघे तसे विजोड. सिदोजी आडदांड, हसरा, गळ्यात तुळशीची माळ, देवावर सगळा भार टाकून मोकळा होणारा. नेमाण्णा शेलाटा, दिवस मावळायच्या आत जेवणारा, नांगरताना तासात, म्हणजे नांगराच्या चरात, गोम दिसली तर बैल थांबवणारा. सिदोजी त्याची थट्टा करायचा, पण बैल थांबवायचा. नेमाण्णाची आई पद्मव्वा सिदोजीला आपल्या हाताने ताक द्यायची. सिदोजीची बायको चिमा नेमाण्णाला भावजी म्हणायची आणि तो तिला वैनी. त्या दोघांत एक गुण सारखा होता. दोघांनाही खोटे बोलता येत नव्हते. बाजारात आपलेच ढोर विकायला नेले तर त्याची खोड आधी सांगायचे. लोक त्यांना हसायचे आणि त्यांच्याच शब्दावर व्यवहार करायचे.

चैत्र जवळ येऊ लागला, सरदार येणार, मूर्तीचा निकाल तर लागलेला नाही. मग दोन्ही गावांचे गोत, म्हणजे थोरांची सभा, बसले आणि दिव्य करायचे ठरले. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. जुन्या काळी भांडण सुटेना की असे करीत. कढईत तेल उकळायचे, त्यात धातूचा तुकडा टाकायचा, त्याला रवा म्हणत. देवाचे नाव घेऊन नुसत्या हाताने तो रवा काढायचा. मग हाताला पिशवी बांधून वर मोहोर करायची. ठरल्या दिवशी पिशवी उघडायची. हात धड असेल तर बोलणे खरे.

रवा काढायला कोण? ज्याने कधी खोटे म्हटले नाही तो. वाडीने सिदोजीचे नाव घेतले आणि पेठेने नेमाण्णाचे. दोघेही नाही म्हणू शकले असते का? नाही म्हणणाऱ्याला वाळीत टाकायचे, हेही तिथेच ठरले होते.

आदल्या दिवशी ते दोघे शेवटचे रान नांगरत होते म्हणे. चिमा भाकरी घेऊन गेली होती, तिने त्यांचे बोलणे ऐकले आणि पुढे तिनेच ते सांगितले.

नेमाण्णा म्हणाला, "सिदू, तुला भ्या वाटतंय का?"

"मला कशाचं? त्याचं काम त्यो बघंल," सिदोजी म्हणाला. "तुजा हात चांगला निगाला तर तुजा राम. मी काय कज्जा करनार न्हाई."

"आनि दोगांचंबी भाजलं तर?"

सिदोजी हसला. "तर म्हनायचं, दोगांचंबी राम जेवून झोपल्यात."

चिमाला हसू आले नाही. ती भाकरी ठेवून तिथेच उभी राहिली आणि नवऱ्याच्या हाताकडे बघत राहिली. तिला दोन लहान लेकरे होती आणि घरात नांगर धरणारा तो एकच हात होता. कुणाचा राम खरा हे तिला नको होते. तिला तो हात हवा होता.

दिव्य इथे झाले, आपण बसलो आहोत त्या कट्ट्यासमोर. आता आमच्या पेठेचे एक सांगतो, सांगताना मला लाज वाटते. तेल उकळत असताना आमच्या थोरांनी कढईवर फडके धरायला लावले, का, तर एखादे चिलट, एखादी मुंगी आत पडून मरू नये. जीवहत्या नको. मग फडके काढले आणि माणसाचा हात आत घालायला सांगितला. आणि वाडीचे? त्यांनी टाळ-मृदंग आणून ठेवले होते. सिदोजीने हात घातला तेव्हा त्याची किंकाळी ऐकू येऊ नये म्हणून ते भजन म्हणत होते. किंकाळी तरीही ऐकू आली. नेमाण्णा ओरडला नाही, पण त्याच्या ओठातून रक्त आले.

ठरल्या दिवशी पिशव्या उघडल्या. दोन्ही हात भाजले होते. भाजणारच. उकळत्या तेलात हात घातल्यावर आणखी काय होते?

इथे तरी थांबायला हवे होते. पण माणूस एवढे पुढे गेल्यावर थांबत नाही, त्याला मागे फिरायची लाज वाटते. गोताने डोके चालवले आणि निवाडा दिला की ज्याचा हात आधी बरा होईल त्याचा राम.

त्या एका वाक्याने दोन्ही गावे बिघडली. तोवर प्रत्येक गाव आपल्या माणसासाठी देवाला मागत होते. आता दुसऱ्याच्या हाताविरुद्ध मागणे आले. सकाळी वाडीचे लोक डोंगरावर जायचे आणि पावलांवर डोके ठेवून म्हणायचे, नेमाण्णाचा हात चिघळू दे. ते खाली उतरले की पेठेचे लोक वर जायचे, पावले धुवायचे आणि म्हणायचे, सिदोजीचा हात सडू दे. आयुष्यभर पाण्यातल्या जीवांसाठी पाणी गाळून पिणारी माणसे ही! ज्या पावलांपाशी राम बायकोसाठी रडला म्हणत, भावासाठी रडला म्हणत, तिथे जाऊन एका गरीब शेतकऱ्याचा हात सडावा म्हणून ही माणसे उपास करीत होती. मला हे सांगताना अजून संताप येतो.

वैद्य सगळ्या पंचक्रोशीत एकच, तो पेठेत. त्याने ओढा ओलांडायचा नाही असे पेठेने ठरवले. वाडीने ठरवले की तो आला तरी त्याला शिवू द्यायचे नाही. सिदोजीच्या हाताला हळद, अंगारा आणि जे सुचेल ते लावत होते. हात कोपरापर्यंत सुजला. ताप चढला. तो तापात बैलांना हाका मारू लागला, स्वतःच्याही आणि नेमाण्णाच्याही.

चिमा त्या दिवसांत जेवत नव्हती. एका सकाळी ती कुणाला न विचारता एकटीच डोंगर चढली. पावलांपाशी आधीच कुणी तरी होते. पेठेच्या बायका होत्या, पदर पसरून बसलेल्या, आणि त्यांच्यात पद्मव्वा होती. जिने सिदोजीला ताक पाजले, ती. चिमाने त्यांचे मागणे कानांनी ऐकले. ती तशीच मागे फिरली.

पद्मव्वाने खरेच ते मागितले का? मागितले. आईच होती ती, तिला आपल्या मुलाचा हात हवा होता, आणि गावाने सांगितले होते की एक सडला तरच दुसरा वाचेल. पण तीच बाई घरी जाऊन तांब्याची परात घेऊन बसली. गायीचे जुने तूप परातीत घेऊन पाणी घालून फेसायचे, पाणी ओतून द्यायचे, पुन्हा पाणी घालायचे, पुन्हा फेसायचे. याला शंभरदा धुतलेले तूप म्हणतात. लोण्यासारखे पांढरे होते, भाजल्यावर त्यासारखे औषध नाही. नेमाण्णाचा हात त्याच तुपाने जरा निवत चालला होता. त्या दिवशी तिने दोघांपुरते तूप धुतले. डोंगरावर एक आणि परातीपाशी दुसरे, असे तिचे मन झाले होते. माणूस असा असतो, काय करणार!

नेमाण्णाने तुपाची वाटी डाव्या हातात घेतली आणि भर दुपारी ओढा ओलांडून तो वाडीत शिरला. वाडीच्या लोकांनी त्याला अडवले नाही. त्यांना त्याचा हात बघायचा होता. तो जवळून गेला तसे लोक त्याच्या फडक्याचा वास घ्यायला पुढे झुकत होते म्हणे, घाण येते का ते बघायला.

चिमा उंबऱ्यात उभी होती. आत सिदोजी कण्हत होता.

"वैनी, आईनं तूप धुऊन दिलंय," नेमाण्णा म्हणाला. "माज्या हाताला गुण आलाय. त्येच्या हाताला लावा."

चिमाने वाटीकडे बघितले आणि मग त्याच्याकडे. ती म्हणाली, "भावजी, सकाळी तुमची आई डोंगरावर काय मागत हुती?"

आता बघा. त्या वेळी त्याने एवढेच म्हणायचे होते की माझी आई सिदूसाठी मागत होती. एक वाक्य. चिमाने मानले असते, तिला मानायचेच होते. तूप आत गेले असते. पण आयुष्यात कधी खोटे बोलला नाही म्हणून तर त्याला निवडला होता. आई काय मागायला जाते ते त्याला ठाऊक होते. त्याने मान खाली घातली आणि तो गप्प राहिला.

चिमाने वाटी त्याच्या हातातून घेतली आणि अंगणात भिरकावली. "माज्या घरात जीव जायला लागलाय आनि तुमी त्यो लवकर जावा म्हनून औशद आनलंय," ती ओरडली. सगळी वाडी ऐकत होती. कुणीतरी शाबास म्हणाले. नेमाण्णा परत गेला.

अंगणात एक कुत्रे आले आणि त्याने मातीतले तूप चाटूनपुसून खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाने दार उघडले तर ते कुत्रे दारात उभे, शेपूट हलवीत, आणखी काही मिळेल का बघत. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तशीच धावत सुटली, अनवाणी, डोक्यावर पदर नाही, ओढा ओलांडून भर पेठेतून नेमाण्णाच्या दारात. तिने पद्मव्वाचे पाय धरले. पद्मव्वाने तिला उठवले. परातीत होते नव्हते ते सगळे तूप, घरातले शेवटचे, नेमाण्णाच्या वाट्याचे, तिने चिमाच्या ओंजळीत घातले.

चिमा घरी पोहोचली तेव्हा सिदोजीचा दंड खांद्यापर्यंत काळा पडला होता. तिने तूप लावले. ती लावत होती आणि तो तिच्याकडे बघत होता, शुद्धीवर होता म्हणे. म्हणाला, "कुनी दिलं?" ती म्हणाली, "भावजींनी." तो म्हणाला, "मग झ्याक." दिवस मावळायच्या आत तो गेला.

त्याच्या तिरडीला खांदा द्यायला नेमाण्णा आला. वाडीचे लोक त्याला शिवू देईनात. चिमाने त्यांना बाजूला केले. नेमाण्णाने डाव्या खांद्यावर तिरडी घेतली आणि स्मशानापर्यंत खांदा बदलू दिला नाही. थोड्याच दिवसांत तुपावाचून त्याचाही हात चिघळला आणि मनगटातून तोडावा लागला.

सुतक संपायच्या आत पेठेत वाजंत्री वाजली. आमच्या पेठेत! सिदोजी मेला, नेमाण्णा जगला, म्हणजे आपला राम खरा, असा त्यांचा हिशेब. पाथरवटाला निरोप गेला की ध्यानस्थ मूर्ती घडव. वाडीने तो अडवला. हात तर नेमाण्णाचाही गेला, मग तुमचा राम खरा कसा? निकाल लागलेला नाही. पुन्हा गोत बसले, इथेच, आणि पुन्हा रवा काढायला दोन माणसे निवडू लागले. वाडीने एका पोरसवद्या कुंभाराचे नाव घेतले. त्याची नवी बायको तिथेच किंचाळली.

हे चिमाच्या कानावर गेले. ती घरातून उठली, तिने आपला बैल सोडला आणि नेमाण्णाच्या दारात नेऊन उभा केला. ती काही बोलली की नाही ते कुणी सांगत नाही. नेमाण्णाने आपला बैल सोडला. एका हाताच्या माणसाला जू बांधता येईना, ते चिमाने बांधले. पायथ्याशी पाथरवटांनी चौथऱ्यासाठी घडवलेला सगळ्यात मोठा दगड पडला होता. तो त्यांनी साखळदंडाने बैलांमागे जोडला आणि ही चढण चढायला लागले. तुम्ही आता चढाल तेव्हा डाव्या अंगाला कातळावर लांबच लांब घासल्याच्या खुणा दिसतील. त्या त्याच्या, असे सांगतात. सगळे गोत मागून चालत गेले. कुणी अडवले नाही. मदतही कुणी केली नाही. चिमा पुढून बैल ओढत होती आणि नेमाण्णा मागून खांदा लावत होता, आणि दगड वर गेला.

त्यांनी तो पावलांवर ओढला. मग चिमा त्यावर उभी राहिली आणि दोन्ही गावांकडे तोंड करून बोलली. तिचे शब्द पेठेतही तसेच सांगतात आणि वाडीतही, त्यात फरक नाही.

ती म्हणाली, "ह्येचं नाव घिऊन तुमी माज्या मालकाचा हात कढईत घातला. आजपासनं हितं ज्येला कुनाला ह्येचं नाव घ्यायचं आसंल, त्येनं आदी आपला हात कढईत घालावा. आनि मग घ्यावं."

कुणी तोंड उघडले नाही. तेव्हापासून कुणी उघडलेले नाही. सरदार परत आलाच नाही, लढाईत पडला म्हणतात. पाथरवट निघून गेले. नेमाण्णा आणि चिमा यांनी पुढे बरीच वर्षे तो पैरा चालवला, तिच्या रानात आणि त्याच्या रानात. पण चिमा त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. त्याच्यावर राग नव्हता म्हणे. तिला स्वतःचे तोंड नको झाले होते.

वाडीत विचाराल तर ते थोडे वेगळे सांगतील. चिमाने वाटी फेकली नाही, नेमाण्णा आला तेव्हा वाटी रिकामीच होती, पेठेने वाटेतच तूप काढून घेतले होते, असे ते म्हणतात. आमच्या पेठेतही काही शहाणे सांगतात की पद्मव्वा त्या सकाळी डोंगरावर गेलीच नव्हती. म्हणजे रामाच्या दोन गोष्टी होत्या, आता सिदोजीच्याही दोन झाल्या. मी मला माझ्या आजीने सांगितली तशी सांगतो.

आजही चैत्रात एक दिवस दोन्ही गावे मिळून इथे येतात. वाडीचा एक बैल आणि पेठेचा एक बैल असे जू बांधून इथे कट्ट्यापाशी उभे करतात. वर जाऊन पाणी घालतात, त्या दगडावर, पावलांवर नाही. मग खाली येऊन समोरासमोर ओळी धरतात. पेठेच्या माणसांकडे धुतलेल्या तुपाच्या वाट्या असतात आणि वाडीच्याही. समोरच्याने उजवा तळहात पुढे करायचा आणि आपण त्याला तूप लावायचे. मग त्याने आपल्याला. बोलायचे काहीच नाही. याला तुम्ही प्रेमबीम समजू नका. आम्ही एकमेकांना काय केले आहे ते आम्हाला माहीत आहे, म्हणून लावतो.

गेल्या चैत्रात वाडीच्या काही पोरांनी हात पुढे केले नाहीत. कपाळाला टिळे लावून आली होती, हात खिशात. आणि आमच्या ओळीत बघितले तर आमच्याही काही पोरांनी वाट्या आणल्याच नव्हत्या. एक वाडीचा पोरगा माझ्यासमोर होता. मी त्याच्या आजाला ओळखत होतो, तरण्या वयात आम्ही पैरा केला होता. मी वाटी घेऊन उभा राहिलो. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्या खिशाकडे. ओळी संपल्या, लोक गेले, बैल सोडले, ऊन डोक्यावर आले, तरी मी हललो नाही. शेवटी तो म्हणाला, "आजोबा, घरी जावा." आणि तो गेला.

बोटांवर घेतलेले तूप उन्हाने पातळ होऊन माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले होते. मी ते पुसले नाही. यंदाही मी वाटी घेऊन उभा राहणार आहे. चला, उठा आता. पहिली पायरी आली, गप्प चढा.